तंटा आणि समेट
(बमरोली, सुरत येथे महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी कायदेपंडित नव्हे. माझी उभी हयात कचेरीतील कारकुनीत गेली. लोकांच्या भांडणांचे कागद लावून ठेवताना कोणाची जमीन किती हात, हे मला त्यांत सापडे. दोन घरांतील बोलणे का तुटले, हे मात्र कधीच सापडले नाही.

या बमरोलीत नाना मुलखांतील माणसे पोटासाठी येऊन दाटीने राहिली आहेत. यंत्रमागांचा रात्रीचा खडखडाट, पाण्याची पाळी, दारात लावलेली दुचाकी, एवढ्या निमित्ताने शब्दाने शब्द वाढतो. माझेच सांगतो. आमच्या पन्हळीचे पाणी शेजाऱ्यांच्या भिंतीवर पडे. त्यावरून दोन वर्षे अबोला राहिला. त्यांच्या कन्येच्या लग्नाला मी गेलो नाही, ही बोच आजही आहे. अखेर गल्लीतील तिघा वयोवृद्धांनी आम्हांस समोरासमोर बसविले. चूक कोणाची, हे त्यांनी विचारलेच नाही. भिंत कोरडी कशी राहील, एवढेच विचारले. पन्हळ वळविली, खर्च निम्मा निम्मा केला. वकिलाच्या पहिल्या नोटिशीलाच मी त्याहून अधिक पैसे मोजले होते!

गुजरातच्या भूमीला ही वाट जुनी आहे. हरिवल्लभ परीख यांनी १९४९ पासून रंगपूरच्या आदिवासी भागात लोकअदालत चालविली. मार्च १९८२ मध्ये तत्कालीन जुनागढ जिल्ह्यातील ऊना येथे लोकअदालत भरली, आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने या पद्धतीला कायद्याचा आधार दिला. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात तर सामुदायिक मध्यस्थीचे स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यात उभय पक्षांची पूर्वसंमती आवश्यक मानली असून तिघा मध्यस्थांची योजना आहे. मात्र अशा समझोत्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ नाही. तो टिकतो दिलेल्या शब्दावर. म्हणून दोघांचीही मान ताठ राहील, असाच समेट घडवावा लागतो.

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. मध्यस्थांनी जातपंचायत होऊ नये. दंड करणे, वाळीत टाकणे हा समेट नव्हे. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला, तो अशाच जुलमामुळे. मारहाण किंवा सुनेचा छळ घराण्याच्या अब्रूपायी समेटाखाली झाकू नये. तेथे पोलीस आणि न्यायालय हाच मार्ग होय.

महाजनहो, पालखीच्या मानावरून पिढ्यान्‌पिढ्या अबोला धरलेली घराणी आपणांस ठाऊक आहेत. देवापुढे गाऱ्हाणे घालताना आपण सर्वांचेच बरे मागतो. आज घरी परतताना, ज्या दाराशी आपला अबोला आहे, त्या दारावर प्रथम आपणच थाप द्यावी, एवढीच माझी नम्र विनंती.