दहा श्वास, एक बोट: रात्री लेकराला धाप लागली तर

 

आजचा भाग आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या नव्या आईबाबांसाठी आहे. पण ज्यांच्या घरात भाचा आहे, पुतणी आहे, लहान भाऊ आहे, त्यांनीही ऐका. कारण रात्री दोन वाजता घरात गडबड झाली की हाक तुम्हालाच येते, "अरे, फोन लाव ना कोणाले तरी!"

विषय असा आहे. पाच वर्षांच्या आतलं लेकरू. संध्याकाळपर्यंत थोडी सर्दी, बाकी ठीक. रात्री मात्र छाती धडधड वरखाली व्हायला लागते, घरघर येते, किंवा कुत्रं भुंकल्यासारखा खोकला येतो. आई घाबरते. आजी म्हणते, "दात येत असतील वं पोरी, सकाळी पाहू." कोणी तेलाची बाटली शोधतं, कोणी मागच्या वेळचं सिरप. अशा वेळी काय पाहायचं, काय करायचं, काय अजिबात करायचं नाही आणि निघायचं कधी, एवढंच आज बोलू.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी डॉक्टर नाही. मोजणीचे आकडे जागतिक आरोग्य संघटनेचे आहेत, आणि श्वास मोजायला आपल्या आशाताईंनाही शिकवलेलं असतं.

सगळ्यात आधी, ज्यात काहीही मोजत बसायचं नाही ते. ओठ किंवा जीभ निळी-काळी पडली आहे, लेकरू हलवूनही नीट जागं होत नाही, झटके येतात, श्वास मध्येच थांबतो, किंवा दूध-पाणी काहीच पीत नाही. यातलं एक जरी दिसलं तरी लगेच १०८ लावा. सावळ्या रंगावर निळेपणा चटकन दिसत नाही, म्हणून मोबाईलचा टॉर्च लावून जीभ, ओठांची आतली बाजू आणि नखं पाहा.

यातलं काही नसेल, तर एक मिनिट द्या. फक्त एक मिनिट. भीतीत आपला हात आधी चालतो आणि डोळा नंतर. इथे उलटं करायचं आहे.

लेकराला मांडीवर किंवा खांद्याशी उभं धरा. रडत असेल तर आधी शांत होऊ द्या, कारण रडताना आणि दूध पिताना मोजलेले श्वास खरे नसतात. कपडा वर करा, पोट-छाती उघडी ठेवा. फोनवर एक मिनिटाचा टायमर लावा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. दहा श्वास झाले की एक बोट मिटा. पुन्हा एकपासून दहा, दुसरं बोट.

आता हिशोब. लेकरू १ ते ५ वर्षांचं असेल आणि मिनिटात चार बोटं मिटली, म्हणजे ४० किंवा जास्त श्वास, तर श्वास जलद आहे. २ महिने ते १ वर्ष असेल तर पाच बोटं, म्हणजे ५०. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर सहा बोटं, म्हणजे ६०. तान्ही बाळं झोपेत कधी भरभर तर कधी हळू श्वास घेतात, म्हणून त्यांचे दोनदा मोजा. चार, पाच, सहा. एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं.

हे बोटांचं गणित मला सुचलं ते आपल्याच विदर्भातल्या एका कामावरून. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८८ मध्ये बालन्यूमोनियावर काम सुरू केलं. एका भागात ५८ गावं, आणि तुलनेसाठी दुसऱ्या भागात ४४ गावं. ५८ गावांत लोकांना न्यूमोनियाची माहिती दिली आणि गावातल्याच आरोग्यदूतांना, दायांना तो ओळखून गोळ्या-औषध द्यायला शिकवलं. अडचण एक होती. कित्येक दायांना लिहिता-वाचता येत नव्हतं, मोठे आकडे मोजता येत नव्हते. मग डॉक्टरांनी एक साधं यंत्र बनवलं. एक मिनिटाची वाळूची घडी आणि बाजूला तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजायचा.

निकाल १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उपचार झालेल्या ६१२ केसेसमध्ये मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के होतं. तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होतं. फरक दवाखान्याच्या मोठ्या इमारतीने पडला नाही. कोणीतरी वेळेवर श्वास मोजला आणि वेळेवर औषध दिलं, त्याने पडला. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांनी हे केलं. आपल्या तर हातात स्टॉपवॉच आहे.

मोजून झालं की दुसरी गोष्ट पाहा, बरगड्यांच्या खाली. लेकरू श्वास आत घेतं तेव्हा छाती फुगायला हवी. त्याऐवजी छातीचा खालचा भाग आत खचतो का? गळ्याखाली खळगा पडतो का? नाकपुड्या फुलतात का? श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो का? आपल्याकडे जुनी माणसं म्हणतात 'पोट उडते', 'डब्बा झाला'. त्यांची नजर चुकीची नव्हती, ते बरोबर जागी पाहत होते. चुकत होता तो उपाय. पोटावर चटके देणं, डाग देणं, धुरी देणं. डागाने फुप्फुसातला संसर्ग जात नाही. लेकराला वर जखम होते आणि निघायची वेळ हातची जाते.

तर निर्णय असा. छाती आत खचते आहे, कण्हणं आहे, किंवा शांत बसलेलं असतानाही श्वास घेताना घर्र असा आवाज येतो आहे, तर सकाळची वाट पाहायची नाही. आत्ताच निघायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर नुसता श्वास जलद असला तरी आत्ताच. त्याहून मोठं लेकरू आहे, श्वास जलद आहे, पण छाती खचत नाही, दूध-पाणी पितं आहे, डोळ्याला डोळा देतं आहे, तर फोनवर डॉक्टरांशी बोला, आळीपाळीने जागे राहा, तासाभराने पुन्हा मोजा आणि उजाडताच दवाखाना गाठा. मध्ये काहीही बिघडलं तर लगेच निघा.

भुंकल्यासारख्या खोकल्याचं वेगळं सांगतो, कारण तो ऐकून माणूस फार घाबरतो. बहुतेक वेळा विषाणूमुळे स्वरयंत्राखाली सूज येते. लहान लेकराची श्वासनळी आधीच अरुंद, म्हणून असा आवाज. याला क्रूप म्हणतात, आणि तो रात्रीच जास्त वाढतो. इथे सगळ्यात मोठं औषध म्हणजे लेकराला न रडवणं. रडलं की नळी आणखी आवळते. उभं धरून ठेवा, हळू आवाजात बोला. घशात बोट घालून पाहू नका. डॉक्टर स्टेरॉइडचा एक डोस देतात, त्याने काही तासांत सूज उतरायला लागते.

आणि ताप नाही, सर्दी नाही, खेळता-खाता एकदम ठसका लागून श्वास अडकला, तर शेंगदाणा, हरभरा, सीताफळाची बी, असं काही अडकलं असू शकतं. लेकरू जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घ्या, डोकं खाली, आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच वेळा दाबा. मोठ्या लेकराला पुढे वाकवून पाच थापा, मग मागून मिठी मारून बेंबीच्या वर पाच वेळा आत आणि वर दाबा. वस्तू निघेपर्यंत हेच आलटून पालटून करा, आणि तोवर दुसऱ्याने १०८ लावायचं. एकदा ठसका लागून नंतर घरघर राहिली, तरी दाखवायलाच हवं.

आता काय करायचं नाही.

नाकात तेल सोडू नका, ते फुप्फुसात जातं. कापूर किंवा कापूर असलेला बाम लहान बाळाच्या नाकाजवळ नको, कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. उकळत्या पाण्याच्या भांड्याशी लेकराला धरू नका, वाफेपेक्षा भाजण्याचा धोका मोठा. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. आणि मागचं उरलेलं, किंवा शेजारच्यांनी दिलेलं खोकल्याचं सिरप देऊ नका. २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या छिंदवाड्यात काय झालं ते आठवा. 'कोल्ड्रिफ' नावाच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं, किडन्या निकामी होऊन २० हून जास्त लेकरं गेली. त्यातल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावलं, दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं द्यायचीच नाहीत.

मग द्यायचं काय? अंगावरचं दूध, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. नाक चोंदलं असेल तर मेडिकलमध्ये मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब. सैल कपडे. खोलीत विडी, धूर, मच्छर अगरबत्ती नको.

निघायचं ठरलं की १०८. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, फोन आणि गाडी दोन्ही मोफत. एक वर्षाच्या आतल्या आजारी बाळासाठी १०२ सुद्धा आहे. फोनवर रडत बोलू नका, क्रमाने सांगा: तालुका, गाव, गावात शिरताना दिसणारी खूण, लेकराचं वय, श्वास किती आणि छाती खचते का. एकाने रस्त्यावर टॉर्च घेऊन उभं राहायचं. झरी-जामणी किंवा उमरखेडकडून थेट यवतमाळचं मेडिकल कॉलेज गाठायच्या नादात वेळ घालवू नका. ऑक्सिजन असलेला जवळचा दवाखाना आधी. ग्रामीण रुग्णालय, किंवा पुसद, दारव्हा, पांढरकवड्याचं उपजिल्हा रुग्णालय. पुढे पाठवायचं तर तेच पाठवतात. गाडी येईपर्यंत लेकराच्या छातीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात पोचेपर्यंत कधीकधी श्वास जरा बसतो, तेव्हा डॉक्टरांना तो दाखवता येतो.

शेवटचं, लसीचं. न्यूमोनियाच्या एका मोठ्या कारणावर पीसीव्ही ही लस आहे. सरकारी लसीकरणात मोफत मिळते: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. घरातल्या लेकराचं कार्ड काढून पाहा, तीनही तारखा भरल्या आहेत का.

आणि एक काम आजच करा. लेकरू चांगलं आहे, शांत झोपलं आहे, तेव्हा एकदा त्याचे श्वास मोजा. किती बोटं मिटतात ते पाहा. आशाताईंचा नंबर सेव्ह करा, आणि हा भाग घरच्या ग्रुपवर टाका. आजीलाही ऐकवा, बरं का. तिची नजर आपल्यापेक्षा तयार असते.

काळजी घ्या. पुढच्या भागात भेटू.