झाड उतरविणारें यंत्र

झाड लावण्याच्या समारंभाला पाहुणे मिळतात, छायाचित्रें घेतलीं जातात आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत चार ओळीही येतात. झाड उतरविण्याच्या कामाला असें भाग्य नाहीं. दोर, कुऱ्हाड व करवत घेऊन चार-पांच मजूर येतात. त्यांपैकीं एक वर चढतो आणि बाकीचे खालीं दोर धरून उभे राहतात. वर चढलेल्या त्या माणसाच्या जिवाची किंमत किती, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. झाडें उतरविणाऱ्या नव्या यंत्रांचें मोल ठरवावयाचें झाल्यास आरंभ याच प्रश्नापासून केला पाहिजे.

२०२४ पर्यंत अहमदनगर या नांवानें ओळखला जाणारा अहिल्यानगर जिल्हा बव्हंशीं पर्जन्यछायेंत येतो. येथें झाड वाढावयास वेळ लागतो, म्हणून त्याचें मोलही अधिक. जुन्या रस्त्यांच्या कडेला असलेल्या वड, चिंच व कडुनिंबांनीं वाटसरूंच्या कित्येक पिढ्यांना सावली दिली. शहरांतील नव्या वसाहतींतून मात्र गुलमोहरासारखीं लवकर वाढणारीं झाडें लावलीं गेलीं. गुलमोहराचें लांकूड ठिसूळ. वळवाच्या वादळांत त्याची फांदी मोडून पडणें हें नगर, श्रीरामपूर वा संगमनेर येथील रहिवाशांस नवें नाहीं.

वाळलेलें, पोखरलेलें किंवा कललेलें झाड घरावर अथवा विजेच्या तारांवर झुकलें असेल, तर तें काढणें भागच असतें. परंतु वादळानें वाकलेल्या बुंध्यांत ताण सांठलेला असतो. करवत लागतांच तो फाटून उसळतो. पोकळ खोड वर चढलेल्याचा भार केव्हां नाकारील याचा नेम नसतो. म्हणजे जें झाड काढणें सर्वांत निकडीचें, तेंच चढावयास सर्वांत धोक्याचें! यावर तोड म्हणून पुष्कळ ठिकाणीं जेसीबी लावून झाड ढकलून पाडतात. त्यानें चढणाऱ्याचा धोका टळतो खरा, पण झाड मुळांसह उलथतांना जमिनीखालील पाण्याचा नळ व शेजारची भिंत यांचीही वाताहत होते.

या कामांतील यंत्रांची प्रगति पाहण्यासारखी आहे. १९२६ सालीं जर्मनींत आंद्रेआस श्टील यांनीं विजेवर चालणारी, दोघांनीं मिळून धरावयाची साखळी-करवत तयार केली. पुढें ती हलकी होत होत एकट्या माणसाच्या हातांत मावूं लागली. काम झपाट्यानें होऊं लागलें, परंतु माणूस झाडावरच राहिला. उलट, फिरती साखळी त्याच्या अंगाजवळ आल्यानें धोक्यांत भरच पडली. ज्या यंत्रानें माणसाला खरोखर खालीं उतरविलें, तें म्हणजे युरोप-अमेरिकेंत वापरांत असलेलें ‘ग्रॅपल सॉ’. मराठींत त्याला पंजा-करवत म्हणतां येईल.

याची रचना समजावयास कठीण नाहीं. मालमोटारीवर सांध्यांचा एक लांब पोलादी बाहू बसविलेला असतो. त्याच्या टोंकाला फांदी घट्ट धरणारा पंजा आणि पंजाच्या बुडाशीं साखळी-करवत. हें सारें तेलाच्या दाबानें चालतें. आधीं पंजा फांदी पकडतो, मग करवत पकडीच्या खालून ती कापते, आणि सुटलेला भाग पंजांतच राहून सावकाश जमिनीवर येतो. चालक सुरक्षित अंतरावर उभा राहून हातांतील नियंत्रकानें हें सर्व करतो. झाड येथें पाडलें जात नाहीं, तर शेंड्याकडून तुकड्यातुकड्यानें उतरविलें जातें. त्यामुळें घराचीं कौलें, कुंपण व रस्त्यावरील माणसें सुरक्षित राहतात.

असें असलें तरी यंत्राला स्वतःच्या मर्यादा आहेत. तरफेचा नियम येथेंही चुकत नाहीं. ५ मीटर अंतरावर एक टन भार पेलणारा बाहू १० मीटरांवर निम्माही पेलत नाहीं. कारण लांबलेल्या बाहूला स्वतःचेंही वजन सांवरावयाचें असतें. अर्धा मीटर व्यासाचा आणि ३ मीटर लांबीचा ओला ओंडका अर्ध्या टनाहून अधिक भरतो. अंदाज चुकला तर गाडीच कलंडण्याची भीति. गाडीच्या टेकूंना सपाट व घट्ट जमीन लागते. काळ्या चिकण मातींत पावसाळ्यांत ते रुततात. जुन्या पेठांतील अरुंद बोळांत गाडी शिरणें अशक्य. शिवाय पोलादी बाहू विजेचा वाहक असल्यानें तारांजवळ काम करतांना प्रवाह बंद करणें आवश्यकच असतें.

मग मजुरांचें काय? हा प्रश्न या जिल्ह्यास अपरिचित नाहीं. प्रवरेच्या परिसरांत लोणी येथें १९५० सालीं सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि पुढें साऱ्या जिल्ह्याचें अर्थकारण उसाभोंवतीं फिरूं लागलें. पाथर्डी-शेवगांवकडील कुटुंबें कोयता घेऊन तोडणीला जात आलीं. आतां ऊसतोडणीचीं यंत्रें त्यांच्या फडांत उतरलीं आहेत. झाडें उतरविणाऱ्यांची संख्या त्या मानानें थोडी. पण थोड्यांच्या पोटाचा प्रश्नही प्रश्नच असतो. त्याचें उत्तर यंत्राच्या स्वभावांतच आहे. ओल्या लांकडाचें वजन, पोकळ खोडाचा आवाज व फांदीचा कल ओळखणारी नजर यंत्राबरोबर विकत मिळत नाहीं. ती ज्यानें जन्मभर झाडें उतरविलीं, त्याच्याचपाशीं असते. नियंत्रक त्याच्याच हातीं द्यावा. जो वर चढत होता, त्यालाच खालीं उभें करून शिकवावें.

येथवरचा हिशेब यंत्राच्या बाजूनें झुकतो. खरी अडचण निराळीच आहे, आणि ती म्हणजे यंत्राचा वेग. कुऱ्हाडीनें वड तोडावयास दिवस लागत; तेवढ्यांत गांव जमे, कोणी विचारी, कोणी हटकी, क्वचित् झाड वांचे. श्रम हीच झाडाची एक ढाल होती. यंत्र ती ढाल काढून घेतें. शिवाय, महागडें यंत्र दारांत रिकामें उभें राहिलें कीं त्याला काम शोधलें जातें. पुणे-नाशिक महामार्गाच्या रुंदीकरणांत संगमनेर तालुक्यांतील जुनीं झाडें तोडलीं गेलीं, आणि त्याबदल्यांत नवीं झाडें लावण्याचा वाद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत पोहोंचला. तोडणें लवकर झालें. भरपाई मात्र मागत बसावी लागली.

नागरी क्षेत्रांतील वृक्षसंरक्षणाचा १९७५ चा राज्य कायदा २०२१ सालीं सुधारण्यांत आला. ५० वर्षें किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ हें स्थान मिळालें, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकीं नवीं झाडें लावण्याचें बंधन आलें. साठ वर्षांच्या कडुनिंबाबद्दल साठ रोपें, हा हिशेब योग्यच. परंतु त्या साठ रोपांखालीं बसावयाला पुढची पिढी यावी लागेल.

याच जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें दुसरी वाट दाखविली. १९८९ सालीं पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर त्या दुष्काळी गांवानें श्रमदान, चराईबंदी यांबरोबर कुऱ्हाडबंदीही स्वीकारली, आणि उघड्या टेकड्या पुन्हा हिरव्या झाल्या. हत्यार वाईट म्हणून ती बंदी नव्हती. केव्हां उचलावयाचें हें एकट्या माणसाच्या लहरीवर न सोडतां गांवानें मिळून ठरविलें, हें तिचें मर्म. कुऱ्हाडीला जो संयम लागू झाला, तो तिच्याहून शतपट बलवान यंत्राला कां नसावा?

तेव्हां जिल्ह्यानें असें यंत्र आणावें, पण अटी घालून. प्रत्येक नगरपालिकेनें स्वतंत्र खर्च न करतां सर्वांत मिळून एक असावें. तें प्रथम धोकादायक ठरलेल्या झाडांसाठींच वापरावें. झाड काढावें कीं नुसती छाटणी करावी, हें झाडांच्या जाणकारानें पाहून लेखी सांगावें. त्या निर्णयांत लांकूड विकत घेणाऱ्या वखारवाल्याचा वा तोडीच्या ठेकेदाराचा हात नसावा. ठेकेदाराला किती झाडें पाडलीं यावर पैसे देऊं नयेत. निर्णयाची सूचना त्या झाडावर आगाऊ लावावी, म्हणजे त्याच्या सावलींत बसणाऱ्यालाही बोलतां येईल. वादळानें कोसळूं पाहणाऱ्या झाडापुरता अपवाद असावा, पण त्याची नोंद मागाहून जाहीर व्हावी.

माणसाचा जीव वांचविणारें यंत्र नाकारणें हें झाडावरील प्रेमाचें लक्षण नव्हे. परंतु जें झाड काढावयास पूर्वीं दोन दिवस लागत, तें दोन तासांत निघूं लागल्यास वांचलेला वेळ दुसरें झाड काढण्यांत न घालवितां पहिलें झाड खरोखर काढावयाचें आहे काय, हें तपासण्यांत घालवावा. तेवढी शिस्त पाळली गेली, तरच या यंत्राचा खर्च सार्थकीं लागेल.