भंगारवाल्याला बोलावण्याआधी



लहान घरात जाताना सामान कमी कसं करायचं, यावर मी बोलणार आहे. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून एखादं ॲप सांगेन असं वाटलं असेल. तसलं काही नाही.

अब्बा गेल्यावर मिरजेतलं भाड्याचं घर सोडावं लागलं. अम्मी, मी, बायको आणि मुलगी असे आम्ही पुण्यात ३१० चौरस फुटांत आलो. फुटक्या बादल्या, जुने चार्जर, माझी इंजिनिअरिंगची पुस्तकं एका दिवसात निघाली. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. उरलं ते जहेज. अम्मीच्या लग्नातलं लोखंडी कपाट, तांब्याची देग, परातींची चळत. बायकोच्या लग्नातला शोकेस आणि कधीच न काढलेला डिनर सेट. आपल्याकडे निम्मी अडगळ हीच असते. मुलीच्या बापानं कर्ज काढून घेतलेली आणि कुणी न वापरलेली.

अशा वेळी पुरुष पटकन म्हणतात, 'देऊन टाका.' पण कुणाचं देऊन टाकायचं? कॉम्प्युटरसुद्धा फाईल उडवण्याआधी तुम्हाला तो अधिकार आहे का ते बघतो. भांड्यांवर तर नावं घातलेली असतात, वाचली की झालं. जहेज मागणं १९६१ पासून गुन्हा आहे. तरीही जे आलं, ते बाईचं असतं. १९८६ च्या मुस्लिम महिला कायद्यानं घटस्फोटितेला तिच्या माहेरच्यांनी, सासरच्यांनी, नवऱ्यानं दिलेल्या सगळ्या वस्तूंवर हक्क दिला आहे. संसार चालू असताना मात्र त्या 'घराच्या' होतात, हे आपलं सोयीचं गणित.

मग आम्ही असं केलं, जिची वस्तू तिनं ठरवायचं आणि विकली तर पैसे तिच्याच खात्यात.

कपाट रिकामं करताना तळाशी निकाहनामा निघाला. १९८४ चा. मेहर २,५०० रुपये, उधार. अम्मीला विचारलं. ती म्हणाली, 'जनाजा उठताना बायकांनी माफ कर म्हटलं, मी म्हटलं केलं.' ही पद्धत तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. रडणाऱ्या बाईकडून अशा घडीला माफी घेणं मला लबाडी वाटते. शोकाच्या भरात दिलेली अशी माफी खरी संमती नव्हे, असं न्यायालयांनीही म्हटलेलं आहे. न दिलेलं मेहर हे नवऱ्यावरचं कर्ज असतं. आधी कर्ज फेडायचं, मग वारसांची वाटणी. शरियतचा हा क्रम आहे, आणि वाटणीवरून भांडणाऱ्या घरांत तोच पहिल्यांदा विसरला जातो.

१९८४ मध्ये २,५०० रुपयांत तोळाभर सोनं येत होतं. आज तेवढ्यात किराणाही पुरा होत नाही. कागदावरचं देणं २,५०० च आहे. आम्ही भावंडांनी मात्र अब्बांच्या बचतीतून आजच्या एका तोळ्याची किंमत आधी अम्मीला दिली, उरलेलं नंतर वाटलं. माझ्या एका चुलत्यांना हे अजून पटलेलं नाही. ते म्हणतात, मेलेल्या माणसाचा हिशेब काढता. मी म्हणतो, चाचा, हिशेब जिवंत बाईचा आहे.

बायकोनं शोकेस विकला, डिनर सेट ठेवला. आता आम्ही रोज त्यात जेवतो. अम्मीनं कपाट दिलं, पण देग द्यायला तयार झाली नाही. ३१० फुटांत देग म्हणजे काय, ते मापून बघा. पलंगाखाली आहे, महिन्याचे तांदूळ तिच्यात असतात.