मधुमेह, दृष्टिपटल आणि लेसर-उपचार



बालाघाट जिल्ह्यातील हट्टा हे गाव पुरातन बावडीसाठी प्रसिद्ध आहे. भोवताली धानाची शेती आहे. पाणी अपुरे पडले की कडेच्या बांध्या सोडून मधली बांधी वाचवावी लागते, हे येथील शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. मधुमेहाने बिघडलेल्या डोळ्यावरील लेसर-उपचाराचे तत्त्व हेच होय.

डोळ्याच्या आत मागील बाजूस दृष्टिपटल हा नाजूक पडदा असतो. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिल्यास त्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपू लागतात व काही बंद पडतात. प्राणवायू कमी पडल्यामुळे तेथे नव्या, परंतु ठिसूळ रक्तवाहिन्या निर्माण होतात. त्या फुटल्या की डोळ्यात रक्तस्राव होऊन दृष्टी एकाएकी जाऊ शकते.

लेसर-किरणांनी पटलाच्या कडेच्या भागावर शेकडो सूक्ष्म डाग दिले जातात. तेवढ्या भागाची प्राणवायूची मागणी संपते आणि नव्या वाहिन्या आक्रसू लागतात. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या पाहणीत या उपचाराने तीव्र दृष्टिनाशाचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटल्याचे दिसून आले.

या लाभाचे मोलही द्यावे लागते. रात्रीची नजर काहीशी मंदावते, बाजूचे दिसणे आकुंचित होते आणि काही दिवस धूसर दिसते. अशा रुग्णाने अंधारात सायकल वा मोटारसायकल चालविताना जपावे. गेलेली दृष्टी लेसरने सहसा परत येत नाही. उरलेली राखली जाते. म्हणून ‘नजर सुधारली नाही’ असे म्हणून राहिलेल्या बैठकी टाळणे घातक आहे.

पटलाच्या मध्यभागी सूज येऊन नजर घटली असल्यास हल्ली डोळ्यात इंजेक्शन देण्याचा उपचार बहुधा प्रथम केला जातो. परंतु ते पुनःपुन्हा घ्यावे लागते. ज्यास वारंवार शहर गाठणे शक्य नाही, त्याच्या दृष्टीने लेसरचे महत्त्व आजही कायम आहे.

हा विकार प्रारंभी दुखत नाही व नजरही चांगली असते. म्हणून प्रौढ वयात मधुमेह आढळताच आणि त्यानंतर दरवर्षी, डोळ्यात औषध घालून बाहुली मोठी करून पटलाची तपासणी करून घ्यावी. साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवावा. शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी एवढी एक गोष्ट घरोघरी पोहोचविली, तरी अनेकांची दृष्टी वाचू शकेल.