परकीयांच्या दृष्टीतील आपला भूगोल

(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आपल्या देशाच्या भूगोलाविषयी परकीयांच्या ज्या समजुती असतात, त्या ऐकून प्रथम हसूच येते. मुंबईस उतरलेला पाहुणा अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेल पाहून ‘हा पांढरा कसा नाही?’ असे विचारतो. आग्र्याचा ताज तेथून हजार किलोमीटरांहून दूर आहे, हे त्याच्या गावीही नसते. दुसरा म्हणतो, दुपारचा चहा पुण्यास घेऊ आणि रात्री जेवावयास मोटारीने दार्जिलिंगला जाऊ! पावसाळा म्हणजे भारतभर सारखीच धार, असे मानणाऱ्यास आम्ही इतकेच सांगतो की, एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि माण तालुक्यास जेमतेम त्याच्या दशांशावर भागवावे लागते.

परंतु या अज्ञानाचा सारा दोष त्यांच्याच माथी मारणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. शाळेच्या भिंतीवर जगाचा जो नकाशा त्यांनी पाहिला (आणि आपणही पाहिला), तो पुष्कळदा मर्केटरने १५६९ साली योजिलेल्या पद्धतीचा. दर्यावर्दी लोकांस दिशा साधण्यास ती उत्तम. पण तीत ध्रुवांकडील प्रदेश फुगतात आणि विषुववृत्ताकडील त्या मानाने लहान दिसतात. त्या नकाशात ग्रीनलंड भारताहून कितीतरी विशाल भासते. प्रत्यक्षात ग्रीनलंडचे क्षेत्रफळ सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर, तर भारताचे सुमारे ३२.९ लाख! चार बोटांत मावणारा देश चार दिवसांत पाहून होईल, असे कोणास वाटले तर नवल ते काय?

कोलंबसाची गोष्ट सर्वश्रुतच आहे. १४९२ साली तो बहामा बेटांवर उतरला आणि तेथील रहिवासी ‘इंडियन’ ठरले. त्या बिचाऱ्यांस ना गंगा ठाऊक, ना गोदावरी. पण नाव चिकटले ते चिकटलेच.

आता अशा समजुती केवळ गोऱ्या प्रवाशांपुरत्या राहिलेल्या नाहीत. आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबांची नातवंडे परदेशी जन्मली आहेत. ‘आजी, कोकण मुंबईत आहे का?’ असा प्रश्न त्यांच्या तोंडून येतो, तेव्हा मात्र हसू अर्ध्यावर थांबते. आपले मूळ गाव शिरगाव, एवढे सांगून त्यांस काय बोध होणार? शिरगाव रत्नागिरीत आहे, सिंधुदुर्गात आहे, पुणे जिल्ह्यातही आहे. म्हणून कार्यकारी मंडळास आमची सूचना अशी की, ज्ञातीची कुटुंबसूची पुन्हा छापण्याचा योग येईल तेव्हा प्रत्येक मूळ गावापुढे तालुका व जिल्हा द्यावा आणि शेवटी एक नकाशा जोडावा. खर्च वाढेल हे खरे. पण नकाशा एकरंगी असला तरी चालेल.