तळ्याचे शहर आणि आपण

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात दिलेले भाषण)



बदलीवर भोपाळास नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी, येथे काय पाहावे व काय खावे, यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यवाहांनी आम्हांस केली आहे. गावाकडील आप्तेष्टांस भोपाळच्या बहुधा दोनच गोष्टी ठाऊक असतात. डिसेंबर १७३७ मध्ये बाजीरावांनी निजामास येथे कोंडले ती एक, आणि डिसेंबर १९८४ ची काळरात्र ही दुसरी. येथे संसार थाटणाऱ्याने मात्र प्रथम तळे जाणून घ्यावे.

अकराव्या शतकात राजा भोजाने कोलांस नदीस मातीचा बांध घालून हे तळे निर्माण केले, असे परंपरा सांगते. त्या बांधावरूनच आज कमला पार्कचा रस्ता जातो. कचेरीच्या घाईत हे कोणाच्या ध्यानी येत नाही. पलीकडचे छोटे तळे पुष्कळ अलीकडचे, १७९४ सालचे. मोठ्या तळ्याचे पाणी शहराच्या बऱ्याच भागास नळाने मिळते. पावसाळ्यात पातळी १६६६.८० फुटांवर गेली की तळे भरले असे समजतात, भदभदा धरणाचे दरवाजे उघडतात, आणि ते दृश्य पाहावयास शहर लोटते. आपणही मुलाबाळांसह जावे. आमच्या मते भोपाळचा खरा सण तोच, आणि त्यास वर्गणीही पडत नाही!

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य झाले, नागपूरची राजधानी गेली, आणि सचिवालयातील पुष्कळ मराठी मंडळी फायलींच्या पेट्यांबरोबर येथे आली. नवी वसाहत तळ्याच्या दक्षिणेस झाली. तिच्या एका भागास तात्या टोपे यांचे नाव आहे, परंतु सारे जण त्यास टी. टी. नगर म्हणतात. जुने शहर राहिले तळ्याच्या उत्तरेस. वीस-वीस वर्षे येथे नोकरी करून, चौकात दागिने व बटवे खरेदी करण्यापलीकडे जुन्या शहरात पाऊल न टाकलेली कुटुंबे आम्हांस ठाऊक आहेत. त्यांनी काय गमावले ते जिभेलाच विचारावे.

सकाळी पोहे-जिलबी खावी. हे पोहे आपले नव्हेत. वाफेवर ऊन ठेवलेले, बडीशेपेचा वास असलेले, वर मूठभर शेव आणि शेजारी गरम जिलबी. ओले खोबरे नाही म्हणून नाक मुरडणाऱ्या आमच्या घरातील मंडळी आता फोडणीत बडीशेप घालू लागली आहेत, एवढे सांगितले म्हणजे पुरे. जुन्या शहरात चहात चिमूटभर मीठ घालतात. पहिला घोट विचित्र लागतो, तिसऱ्या घोटास आपण दुसऱ्या पेल्याचा विचार करू लागतो. सामिष खाणाऱ्यांनी इब्राहिमपुऱ्याच्या चटोरी गल्लीत संध्याकाळी जावे, आणि कोथिंबिरीचा हिरवा रेझाला आवर्जून मागावा. शाकाहारी मंडळींसाठी दाल-बाफले आहेत. ते खाऊन दुपारी काम होईल अशी आशा बाळगू नये.

पाहण्याजोगे पुष्कळ आहे. तळ्याच्या उतारावर चार्ल्स कोरिया यांनी रचलेले, १९८२ साली उघडलेले भारत भवन. श्यामला टेकडीवरील मानव संग्रहालय, जेथे निरनिराळ्या प्रदेशांतील घरे उघड्यावर प्रत्यक्ष उभी केली आहेत. दोन्ही सोमवारी बंद असतात. पाहुण्यांना घेऊन नेमके सोमवारी निघण्याची आपल्या लोकांस मोठी हौस! वनविहार तर काठालाच लागून आहे.

आता थोडे निराळे, पण याच विषयातले. हे पिण्याचे पाणी आहे म्हणून २०२३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मोठ्या तळ्यात मोटारनौका चालविण्यास मनाई केली. तळ्यातील सहलीची मौज गेली म्हणून हळहळणारे आमच्या परिचयात आहेत. परंतु नौकेच्या तेलाचा हिशेब मांडणाऱ्यांनी आपल्या गणपतीचाही मांडला पाहिजे. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात विरघळत नाही, आणि तिचा रासायनिक रंग पाण्यात उतरतो. ज्या पाण्यात अनंत चतुर्दशीस आपण बाप्पाला निरोप देतो, तेच पाणी आपल्या स्वयंपाकघरात येते. सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाची मूर्ती शाडूची असावी, आणि तिचे विसर्जन मंडळाच्याच आवारात हौदात व्हावे, असा प्रस्ताव आम्ही आजच्या सभेपुढे ठेवीत आहोत. तळ्याच्या काठी ढोल-लेझीम नाही म्हणजे उत्सवाची शोभा गेली, असे काही ज्येष्ठ सभासदांचे मत आहे. आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. लेझीम हौदाभोवतीही खेळता येते. मतदान चहापानानंतर आहे.

येत्या रविवारी सकाळी सहा वाजता कमला पार्कच्या फाटकाशी जमावे. बांधावरून पायी जुन्या शहरात जाऊ, आणि पोहे तेथेच खाऊ. डबे आणू नयेत.