लाकडी सांगाड्याचे घर आणि आग

लाकडी सांगाड्याच्या घराबद्दल पहिली शंका घेतली जाते ती आगीची, आणि ती रास्तच आहे. लाकूड साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअसच्या दरम्यान पेट घेते. जाड तुळई मात्र एकदम जळून जात नाही. तिचा बाहेरचा थर कोळसा होतो आणि या कोळशातून उष्णता फार सावकाश आत शिरते. त्यामुळे आग मिनिटाला सुमारे 0.65 मिलीमीटर, म्हणजे तासाला जेमतेम चार सेंटीमीटर इतकीच खोल जाते. आतला शाबूत गाभा तोवर भार पेलत राहतो, आणि तो किती उरेल याचा हिशेब घर बांधण्यापूर्वीच मांडता येतो. उघडे पोलाद जळत नाही, पण 550 ते 600 अंशांच्या आसपास त्याची ताकद निम्म्यावर येते.

जाडीमुळे वेळ मिळतो, आग विझत नाही. पुण्याच्या शनिवारवाड्याचे वरचे लाकडी मजले 1828 च्या आगीत कित्येक दिवस जळत होते. शेवटी राहिले ते दगडी जोते, तटबंदी आणि दरवाजे.

अमेरिकेतील आजच्या घरांत तर जाडीचा हा आधारही नाही. तिथल्या भिंतीतला उभा वासा 38 बाय 89 मिलीमीटरचा, आणि असे वासे सुमारे 40 सेंटीमीटरवर एक याप्रमाणे उभे केलेले असतात. शिकागोत 1830 च्या दशकात रुळलेल्या पद्धतीत हे वासे जोत्यापासून छपरापर्यंत सलग जात. दोन वाशांमधली पोकळीही तशीच सलग असे. तळघरात लागलेली आग या पोकळीतून, कोणाच्या नजरेस न पडता, थेट माळ्यावर पोचे. ऑक्टोबर 1871 मध्ये शिकागो जळाले, सुमारे 300 माणसे मेली आणि एक लाख बेघर झाली. कोरडी हवा, जोराचा वारा आणि लाकडी पदपथ ही त्याची मोठी कारणे होती. तरी अशा बांधणीतील पोकळीचा धोका खरा होता. पुढे प्रत्येक मजला स्वतंत्र चौथऱ्यासारखा बांधण्याची रीत आली. त्यात मजल्याच्या आडव्या पट्ट्या पोकळी दर मजल्यावर आपोआप बंद करतात. लाकूड तेच राहिले. फक्त आगीची वाट तुटली. या बांधणीच्या इतिहासात याहून महत्त्वाची सुधारणा सापडणे कठीण.

दुसरे संरक्षण जिप्समच्या तक्त्यांचे. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे एक पंचमांश पाणी रासायनिकरीत्या बांधलेले असते. तक्ता तापला की हे पाणी वाफ होऊन निघू लागते, आणि ते संपेपर्यंत तक्त्यामागच्या लाकडाचे तापमान 100 अंशांच्या फारसे पुढे जात नाही. भिंतीच्या दोन्ही बाजूंना सुमारे 16 मिलीमीटर जाडीचे अग्निरोधक तक्ते बसवले, तर ती भिंत प्रमाणित चाचणीत एक तास टिकते. विजेच्या तारांसाठी पाडलेले भोक बुजवले नाही, तर मात्र या तासावर विसंबता येत नाही. सगळे संरक्षण या तक्त्यांवर असल्याने ते बसण्यापूर्वीचे, उघड्या सांगाड्याचे दिवस सर्वांत धोक्याचे असतात. आगीत बहुतेक माणसे दगावतात ती धुराने. म्हणून धुराची सूचना देणारा गजर प्रत्येक घरात हवाच. कॅलिफोर्नियाने 2011 पासून नव्या घरांत पाण्याचे स्वयंचलित फवारेही सक्तीचे केले आहेत.

एवढी काळजी घेण्याजोगे या बांधणीत गुणही आहेत. ती लवकर उभी राहते, भिंतीच्या पोकळीत उष्णतारोधक लोकर भरता येते आणि कोरड्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मा कार्बन अडकून राहतो. भूकंपात तर हलकेपणा हाच मोठा गुण, कारण धक्क्याचा जोर घराच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. 1993 च्या किल्लारी भूकंपात माणसे मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि मातीची जड धाबी यांखाली गाडली गेली. काही घरांत भिंती ढासळूनही लाकडी खण उभेच राहिले.

महाराष्ट्राच्या हवेत, विशेषतः कोकणात, आगीइतकीच चिंता वाळवीची आणि कुजण्याची करावी लागते. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी धरत नाही. त्यासाठी लाकूड आधी नीट वाळवावे लागते, छपराचे पाणी भिंतीपासून दूर पाडावे लागते आणि खांब मातीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करावा लागतो.